रात्री तीन-दहाचा मेल

भुताच्या गोष्टी कोणाला आवडत नाहीत? लाइट गेले, बाहेर धो-धो पाऊस, चार टाळकी गोळा झालेली आणि कुणीतरी 'आमच्या गावाला ना…' अशी सुरुवात केली की सगळे सरकून जवळ बसतात. मीही बसते. फक्त माझं स्वतःचं भूत जरा वेगळं होतं. ते दररोज रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी मला मेल पाठवायचं.

सांगते.

२०१३ साली मी हिंजवडीत एका कंपनीच्या नाइट सपोर्टला होते. परदेशातल्या एका क्लायंटच्या सिस्टिम रात्रभर चालायच्या आणि त्या झोपू नयेत म्हणून आम्ही जागायचो. टीम चौघांची. तिघं शिफ्टवर, एक सुट्टीवर, आळीपाळीने. आमच्यातला सगळ्यात सीनियर सांगलीचा. वय जेमतेम एकोणतीस, पण स्वभाव साठीतला, म्हणून सगळे त्याला 'बापू' म्हणायचे. दर रात्री बॅच संपली की सगळं नीट झालं का हे तपासण्याचा कंटाळा यायचा, म्हणून बापूने एक छोटीशी स्क्रिप्ट लिहिली. ती स्वतःच तपासायची आणि बरोबर तीन-दहाला आम्हा चौघांना मेल टाकायची. 'ऑल ओके. चहा घ्या.' खाली त्याचं नाव.

जून महिन्यात माझ्या मावसबहिणीचं नाशिकला लग्न होतं. हळदीच्या दिवशी माझी शिफ्ट. बापूची सुट्टी. मी म्हटलं, 'बापू, प्लीज बदली करशील?' तो म्हणाला, 'जा गं. बुंदीचे लाडू आण फक्त.' एवढीच वाटाघाट.

पहाटे शिफ्ट संपवून घरी जाताना पावसात त्याची बाइक घसरली. मी तेव्हा नाशिकला, हातभर मेंदी लावून झोपले होते.

आठवड्याभरात त्याचा आयडी बंद झाला, कार्ड जमा झालं, खुर्चीवर दुसरं कुणीतरी आलं. पण ती स्क्रिप्ट सर्व्हरवर होती, कॉमन अकाउंटवर. ती कुणाला आठवलीच नाही. माझ्याशिवाय. रात्री तीन-दहाला मेल यायचा. ऑल ओके. चहा घ्या. खाली बापू.

तर अशी मी, २०१६ साली ऑनसाइट म्हणून एडिनबराला पोचले. स्किल्सबिल्स वगैरे ठीक आहे, पण मॅनेजरने निवडलं ते वेगळ्याच कारणासाठी. बाकीचे जुने सगळे सोडून गेले होते. 'तुला ती सिस्टिम माहितेय. एक तरी माहितीचं माणूस हवं ना!' हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे पुन्हा भेटेल.

एडिनबराच्या जॉर्ज स्ट्रीटवर, सगळ्या चकाचक शोरूम्सच्या रांगेत, ८४ नंबरच्या दारावर एक गंमत आहे. छोटंसं दीपगृह. खेळण्यासारखं, पण खरोखर उजळणारं. नॉर्दर्न लाइटहाउस बोर्डाचं हे मुख्यालय. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या आणि बेटांवरच्या सगळ्या दीपगृहांवर इथूनच नजर ठेवली जाते. आता एकाही दीपगृहात माणूस राहत नाही. शेवटचं फेअर आइल साऊथ, तेही १९९८ साली ऑटोमॅटिक झालं. म्हणजे कुठल्याशा वादळी खडकावर दिवा पेटतो आणि तो पेटला की नाही हे शहरातल्या ऑफिसात बसलेला माणूस बघतो. थोडक्यात काय, नाइट सपोर्ट! मला एकदम माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं.

ऑफिसातल्या एका स्कॉटिश सहकाऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, 'मग तुला फ्लॅनन माहीतच असेल.' नव्हतं माहीत. त्याने लंचभर सांगितलं. सँडविच तसंच राहिलं.

स्कॉटलंडच्या वायव्येला लुइस नावाचं मोठं बेट आहे. त्याच्याही पश्चिमेला साधारण बत्तीस किलोमीटरवर, भर अटलांटिकमध्ये, सात लहान बेटांचा पुंजका. फ्लॅनन बेटं. त्यातलं सगळ्यात मोठं आयलन मोर, तेही एखाद्या टेकडीएवढंच. चारी बाजूंनी कडे, माथ्यावर गवत आणि एका जुन्या प्रार्थनाघराचे दगड. इथे डेव्हिड अॅलन स्टीव्हन्सनने दीपगृह बांधलं. ('ट्रेझर आयलंड'वाला स्टीव्हन्सन याचा चुलतभाऊ. अख्खं घराणंच दीपगृहं बांधणारं, तो एकटा गोष्टी लिहायला लागला.) ७ डिसेंबर १८९९ला दिवा पहिल्यांदा लागला. दर तीस सेकंदांनी दोन झोत.

त्याआधी या बेटावर कुणी राहत नसे. लुइसचे लोक मेंढरं चारायला आणि पक्षी धरायला जायचे, पण तेही बिचकत. मार्टिन मार्टिन नावाच्या माणसाने १७०३ साली छापलेल्या पुस्तकात त्यांचे नियम दिलेत. बेटावर पाय ठेवला की टोपी काढायची, सूर्याच्या दिशेने गोल फिरायचं, देवाचे आभार मानायचे. आणि काही शब्द तिथे उच्चारायचेच नाहीत. पाण्याला पाणी म्हणायचं नाही, खडकाला खडक म्हणायचं नाही, दुसरे शब्द वापरायचे. मला आमची मालवणची आजी आठवली. दिवेलागणीनंतर साप म्हणायची सोय नव्हती, 'लांबडं' किंवा 'जनावर' म्हणा! तिच्याकडे 'राखणदार' हा शब्दही दोन अर्थांचा होता. एक बागेचा पगारी माणूस. दुसरा गावाच्या वेशीवर फिरणारा, न दिसणारा.

फ्लॅननचे राखणदार आधी पहिल्या प्रकारचे होते. तिघं बेटावर, चौथा किनाऱ्यावर सुट्टीला, आळीपाळीने. (हो, मीही इथेच घास गिळायची थांबले.) डिसेंबर १९००मध्ये बेटावर होते जेम्स डुकाट, थॉमस मार्शल आणि डोनाल्ड मॅकआर्थर. यातला मॅकआर्थर नेहमीचा नव्हता. विल्यम रॉस नावाचा राखणदार आजारी पडला, म्हणून त्याच्या जागी आलेला.

१५ डिसेंबरच्या रात्री आर्क्टर नावाची आगबोट तिथून गेली तेव्हा दिवा दिसला नाही. लुइसच्या किनाऱ्यावरही दिव्यावर लक्ष ठेवायला एक माणूस नेमलेला होता, पण धुक्यात दिवसचे दिवस दिवा दिसायचाच नाही, त्यामुळे त्यालाही विशेष वाटलं नसावं. हेस्परस ही बदलीची बोट २० तारखेला निघायची, ती वादळामुळे अडकली आणि पोचली थेट २६ला, दुपारी. बोटीने भोंगा वाजवला. रॉकेट सोडलं. वर काही हालचाल नाही. मग सुट्टी संपवून आलेला चौथा, जोसेफ मूर, एकटा वर चढला.

फाटक लावलेलं. दार लावलेलं. आत चूल थंडगार. घड्याळ बंद. बिछाने रिकामे. माणूस एकही नाही.

इथून पुढे गोष्ट दोन वाटांनी जाते. एक वाट सगळ्यांच्या आवडीची. टेबलावर अर्धवट जेवण, उलटी पडलेली खुर्ची, दारातून उडालेले तीन मोठे काळे पक्षी. नोंदवहीत लिहिलेलं की असं वादळ कधी पाहिलं नाही, गडी माणसं रडतायत, प्रार्थना करतायत. आणि नंतरच्या राखणदारांना म्हणे वाऱ्यात हाका ऐकू यायच्या. डुकाट… मार्शल… मॅकआर्थर… यावर ऑपेरा झाला, 'डॉक्टर हू'ने भाग काढला, २०१८ला जेरार्ड बटलरचा सिनेमाही आला. सही मसाला आहे!

पण मी पडले सपोर्टवाली. लॉग तपासल्याशिवाय चैन पडत नाही. त्या रात्री घरी जाऊन वाचत बसले, तर निम्म्या मसाल्याचा पोपट झाला. ते अर्धवट जेवण, ती खुर्ची आणि ते पक्षी आले विल्फ्रिड गिब्सन नावाच्या कवीच्या १९१२च्या कवितेतून. घटनेनंतर बारा वर्षांनी. खरं स्वयंपाकघर लख्ख होतं, भांडी घासून ठेवलेली. ती रडारडीची नोंदवही त्याहून उशिराची, १९२९च्या एका अमेरिकन मासिकातली. खऱ्या नोंदी कोरड्या ठाक होत्या. हवामान, वारा, वेळ. शेवटची पाटीवर खडूने लिहिलेली, १५ डिसेंबर, सकाळी नऊ. दिव्याच्या वाती नीट केलेल्या, तेल भरलेलं, काचा पुसलेल्या. म्हणजे संध्याकाळची तयारी करून ठेवलेली.

मग झालं काय? बोर्डाचा अधीक्षक रॉबर्ट म्युअरहेड चौकशीला गेला. पश्चिमेकडचा धक्का त्याने पाहिला. समुद्रापासून तेहतीस मीटर उंचावर एका कपारीत दोरखंडाची पेटी ठेवलेली असायची, ती फुटून दोर खाली विखुरलेले. लोखंडी कठडे वाकलेले. छोट्या रुळाची पट्टी काँक्रीटमधून उपटलेली. टनभर वजनाचा दगड जागचा हललेला. आणि साठ मीटरवर, कड्याच्या माथ्यावर, गवताचा थर ओरबाडून निघालेला. एवढ्या उंचीवर लाट! तिथल्या चिंचोळ्या खाडीत पाणी घुसतं, कोंडतं आणि वर उसळतं. १९५३ ते १९५७ तिथे राखणदार असलेला वॉल्टर आल्डेबर्ट तर या लाटांचे फोटो काढायच्या नादी लागला होता. त्याला वाटायचं, एकाला लाटेने नेलं, बाकीचे वाचवायला धावले.

म्युअरहेडचा निष्कर्षही लाटेचाच. शनिवारी दुपारी जेवणं आटोपून ते पेटी आणि दोर सांभाळायला खाली उतरले आणि मोठी लाट आली. डुकाट आणि मार्शल यांचे रेनकोट, बूट जागेवर नव्हते. मॅकआर्थरचा कोट मात्र खुंटीला होता. म्हणजे बदलीवर आलेला तो माणूस, डिसेंबरच्या त्या गारठ्यात, नुसत्या शर्टावर बाहेर धावला.

मला पक्षी आठवत नाहीत. हाकाही नाहीत. तो कोट मात्र डोळ्यांपुढून हलेना.

म्युअरहेडच्या अहवालात आणखी दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे तिघांनाही त्याने स्वतः निवडलं होतं आणि ७ डिसेंबरला त्यांच्याशी शेवटचा हात मिळवणारा माणूस तोच होता. हे त्याने लिहून ठेवलंय, सरकारी अहवालात. दुसरी जोसेफ मूरबद्दल. बिचाऱ्याने रिकामं घर उघडलं, त्याच घरात बोटीवरच्या माणसांना घेऊन तो थांबला आणि त्याच रात्री दिवा पुन्हा लावला. त्याच्या मनावर इतका परिणाम झाला होता की म्युअरहेड म्हणतो, हे कमी झालं नाही तर बदली करावी लागेल. पण मन होत नाही, कारण तिथलं काम माहीत असलेला एक तरी माणूस असावा.

आलं लक्षात? एकशे सोळा वर्षं मध्ये गेली, मॅनेजरचं वाक्य तेच. म्युअरहेडला मी दोष देत नाही हं. दिवा लावावाच लागतो. माझ्या मॅनेजरलाही देत नाही.

आणि रॉस? आजारी पडला म्हणून वाचलेला विल्यम रॉस? प्रत्येक गोष्टीत त्याच्या वाट्याला एकच ओळ येते, तीही मॅकआर्थर तिथे का होता हे सांगण्यापुरती. ती ओळ मी किती वेळा वाचली असेल कोण जाणे.

ऑक्टोबरअखेरीला, ऐन दिवाळीत, मी आणि माझी रूममेट निघालो. रूममेट नागपूरची, भुताला जाम घाबरणारी. 'दिवाळीत काहून जायचं आहे तुले स्मशानात?' पण आली. इनव्हर्नेस, उल्लापूल, तिथून पावणेतीन तासांची बोट. धनत्रयोदशीला आईचा फोन, 'यमदीपदान कर हं, दक्षिणेकडे तोंड करून.' अपमृत्यू टळावा म्हणून लावतात तो दिवा. स्टॉर्नोवेच्या गेस्टहाउसच्या खिडकीत टी-लाइट लावली. वाऱ्याने चार वेळा विझली. पाचव्यांदा मालकीणबाई आल्या, मला वाटलं ओरडणार. त्यांनी काचेची बरणी आणून वर ठेवली आणि काहीही न विचारता गेल्या.

शनिवारी ब्रॅस्क्लीटला गेलो. राखणदारांची कुटुंबं राहायची ती दगडी इमारत अजून उभी आहे. डुकाटला चार मुलं होती. रात्री पश्चिम टोकाला, गॅलन हेडला पोचलो तर धुकं. हातभर अंतरावरचं दिसेना. परत. रविवारी लुइसवर सुपरमार्केटं बंद, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं! लक्ष्मीपूजनाचा फराळ म्हणून मॅगी आणि आईने पाठवलेल्या चकल्या. घड्याळंही त्याच दिवशी एक तास मागे गेलेली. संध्याकाळी आभाळ मोकळं झालं तसे पुन्हा गॅलन हेड.

अमावस्या. एवढा काळोख मी आयुष्यात पाहिला नव्हता. खाली समुद्राचा आवाज, दिसत काही नाही. वारा असा की गाडीचं दार उघडायला दोघींनी जोर लावायचा. आम्ही आतच बसलो, काचेला नाक लावून. आणि लांब, अगदी क्षितिजाच्या काठावर, टिक-टिक. दोन झोत. मग काळोख. मी मोजायला लागले. तीस. पुन्हा दोन.

१९७१च्या सप्टेंबरात तिथले शेवटचे राखणदार उतरले. तेव्हापासून बेटावर कुणी नाही. पण दिवा लागतोय, कुणीतरी एकदा नीट लावून दिलेल्या क्रमाने. रूममेट हळूच म्हणाली, 'त्यायच्या हाका येतात का गं खरंच?' वारा चहूबाजूंनी ओरडत होता. अशा वाऱ्यात तुम्हाला हवं ते नाव ऐकू येईल. मला तीन नावं नाही आली. एकच आलं. घड्याळात नऊ चाळीस झाले होते. भारतात तीन-दहा.

तेव्हा मी तिला सांगितलं. ती माझी शिफ्ट होती. साडेतीन वर्षांत हे कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हणजे शिफ्टच्या एक्सेल शीटमध्ये होतंच, टीमला माहीत होतं, पण मोठ्याने कुणी बोललं नव्हतं. बापूच्या घरी तर मी फिरकलेच नव्हते. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'सांगलीला जाऊन ये.'

डिसेंबरच्या सुट्टीत गेले. काकू दारातच म्हणाल्या, 'तू ती नाशिकच्या लग्नाची ना?' माझी सगळी पाठ केलेली वाक्यं घशात. म्हटलं, 'काकू, त्या रात्री खरं तर माझी…'

'माहिती आहे की गं. त्याने फोन केलता ना संध्याकाळी. म्हणाला, आई, फुकट नाही जात, लाडू मिळणार आहेत.' आणि त्या हसल्या. मग रडल्या. मग मीही. मग त्यांनी चहा टाकला. त्यांचा राग आहे की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलंही नाही. निघताना मी त्यांना तो मेल मोबाइलवर दाखवला. चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचला. 'अजून येतो?' 'रोज.' 'अगो बाई,' म्हणाल्या, 'दमला असेल की तो.'

जानेवारीत एडिनबराला आल्यावर मी चेंज रिक्वेस्ट टाकली. स्क्रिप्टचं काम नव्या मॉनिटरिंग टूलमध्ये आधीच होत होतं, जुनी बंद करायला कुणाची ना नव्हती. फॉर्ममध्ये कारण विचारतात. बराच वेळ कर्सर टिकटिकत होता. शेवटी लिहिलं, 'गरज संपली.' अॅप्रूव्हल दहा मिनिटांत आलं.

त्या रात्री मी लॅपटॉप उघडा ठेवून बसले. नऊ पस्तीस. नऊ चाळीस. नऊ पन्नास. इनबॉक्स तसाच.

आतून आवाज आला, 'काहून गं, जेवायचं नाही का तुले?'

वरण गार झालं होतं. ते गरम करून घेतलं आणि जेवायला बसलो.